अनीपा आणि तापणारा निळा

आत-बाशीच्या खोऱ्यात घोड्याला रंगावरून हाक मारतात, तशीच लोक त्या ट्रकलाही मारत. निळा आला, निळा गेला. खरं पाहिलं तर आता त्याच्या अंगावर निळा रंग कमी आणि गंज जास्त होता, पण म्हातारपणी कोणाचं नाव बदलायला जातं कोण?

अनीपा पहिल्यांदा त्याच्या स्टिअरिंगवर बसली ती कोलखोजच्या, म्हणजे सरकारी सामूहिक शेतीच्या, दिवसांत. तेव्हा ती गोठ्यात गाई पिळायची. दुधाचे कॅन लोणी काढायच्या कारखान्यात नेणारा ड्रायव्हर एका लग्नात इतका प्याला, की सकाळी त्याला ट्रकचं तोंड कुठलं नि शेपूट कुठली तेही कळेना. ऊन चढत होतं, दूध नासायच्या बेतात होतं आणि मुकादम डोकं धरून बसला होता. अनीपा म्हणाली, मी नेते. येतं का तुला, असं त्याने विचारलं तर म्हणाली, रोज शेजारी बसून जाते, डोळे काय मिटलेले असतात माझे? मग सबंध वाट तिने पहिल्या गिअरमध्ये काढली. गाढवावरून चाललेला एक म्हातारा तिच्या पुढे निघून गेला. दूध मात्र पोचलं. इतकं हिंदकळलं होतं की कारखान्यात जायच्या आधीच वर लोणी आलं होतं, असं ती पुढे जन्मभर सांगायची. बढाया मारायला तिला कधीच कोणाची लाज वाटली नाही.

त्या दिवसापासून ड्रायव्हर तीच. बाई अंगाने एवढीशी, म्हणून बसायला गादीची घडी घ्यायची आणि रुमालाची गाठ मानेमागे बांधायची. समोरून पाहणाऱ्याला स्टिअरिंगच्या वर फक्त रुमाल आणि दोन डोळे दिसत.

कोलखोज मोडला तेव्हा मेंढ्या वाटल्या गेल्या, गाई वाटल्या गेल्या आणि निळा आला दोन भावांच्या वाट्याला. धाकटा जोल्दोश, म्हणजे अनीपाचा नवरा. तो घोड्याचा माणूस. इंजिन सुरू झालं की दोन पावलं मागे सरायचा. थोरला ओस्मोनाली, म्हणजे दीर. त्यामुळे झालं असं, की स्टिअरिंग अनीपाचं आणि शब्द ओस्मोनालीचा. नातवंडं झाली तरी त्या घरात अनीपा केलिनच होती, म्हणजे सून. थोरल्या दिराचं नाव तिने कधी उच्चारलं नव्हतं, त्याच्याकडे पाठ करून ती कधी बसली नव्हती आणि चार माणसांत त्याची चूक दाखवणं तर तिच्या स्वप्नातही आलं नसतं. त्याला ती 'बाइके' म्हणे, जसं सगळे वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात. पाठीमागे काय म्हणे ते फक्त निळ्याला ठाऊक.

आता निळ्यात बिघाड कसा झाला ते.

त्या वसंतात शेजारच्या घरची मुलगी डोंगरापलीकडे दिली होती. नवरीचं सामान, म्हणजे पेट्या, गालिचे, रजयांची ही एवढी चळत, निळ्यातून न्यायचं असं ओस्मोनालीने स्वतः कबूल केलं होतं. क्यझील-बेल खिंडीचा चढ लागला आणि निळ्याचा काटा लालवर गेला. झाकण उडायला लागलं, बॉनेटखालून वाफ. थांबले, थंड केला, पाणी भरलं, निघाले. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा वरातीतले घोडेस्वार हसत हसत पुढे निघून गेले. पलीकडे पाहुणे ताटकळले, मटण गार झालं, आणि सासरकडच्या एका म्हातारीने विचारलं की सामान काय पाठीवर आणलं का.

हे शेवटचं ओस्मोनालीला लागलं. घरी आल्यावर दारात घोड्यावरूनच त्याने निकाल दिला. हेड गॅस्केट गेलं आहे. नवं मिळायचं नाही, मिळालं तरी बसवायला माणूस नाही. भंगार गोळा करून सरहद्दीपलीकडे नेणारा माणूस बाजाराच्या दिवशी येतो, त्याला देऊन टाकायचा. यंदा जायलूवर, म्हणजे वरच्या कुरणावर, सामान न्यायला दुसऱ्याचा ट्रक सांगू.

अनीपाने मान खाली घातली. पण निळा गेला म्हणजे ती पुन्हा गाई पिळायला मोकळी. पिळलेल्या गाई काय कमी होत्या? त्यात हात गेले होते, कंबर गेली होती. स्टिअरिंगवर बसली की मात्र ती कोणाची केलिन नसायची. ती खाली पाहतच म्हणाली की बाइकेंचा शब्द शेवटचा. फक्त बाजाराच्या दिवसापर्यंत मला बघू द्यावं. भंगारवाला काय, तापलेलाही नेईल आणि गारही नेईल.

ओस्मोनाली म्हणाला, "बघ बापडी. पण हेड उघडायचं नाही. उघडलेलं पुन्हा बसवता आलं नाही तर तो निम्म्या भावात मागेल."

म्हणजे पोट न फाडता रोग ओळखायचा होता.

तिने पहिल्यांदा थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट मोकळी करणाऱ्या झडपेवर, संशय घेतला, कारण जुने ड्रायव्हर सगळे त्यालाच शिव्या देतात. तो काढून फेकून दिला की झालं, असं म्हणतात. पण फेकायच्या आधी गुन्हा तर सिद्ध व्हायला हवा. तिने तो काढला आणि मोठ्या कढईत पाणी घालून चुलीवर ठेवला. पाणी तापलं, कढईच्या तळाला बुडबुडे धरले, आणि उकळी फुटायच्या आधीच थर्मोस्टॅटने शहाण्यासारखं तोंड उघडलं. निर्दोष. त्या कढईत मग संध्याकाळचं मटण शिजलं. जोल्दोश मुकाट्याने जेवला आणि हळूच म्हणाला, आज रश्शाला ग्रीसचा वास येतोय का? ती म्हणाली, नवीन मीठ आणलंय.

मग पंख्याचा पट्टा. अंगठ्याने दाबला, जेवढा दबायला हवा तेवढाच दबला. वॉटर पंप पाहिला, गळती नाही. इंजिन सुरू करून रेडिएटरच्या तोंडात डोकावली, पाणी आत फिरत होतं, जरा आळशासारखं, पण फिरत होतं.

राहता राहिलं ते बाइकेंचं हेड गॅस्केट. ते गेलं तर पाणी आणि तेल एकमेकांत मिसळतात, एवढं तिला कोलखोजच्या गॅरेजमध्ये पाहून माहीत होतं. तिने तेलाची पट्टी काढली. पाणी मिसळलेलं तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. हे काळं, स्वच्छ काळं. सकाळी गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या तोंडावर पाळत ठेवली, आतून एकही बुडबुडा आला नाही. मागच्या नळीतून पांढरा धूर नाही. आठही प्लग काढून जिभेला लावण्याइतके जवळून पाहिले, सगळे कोरडे.

गॅस्केट शाबूत होतं. पण हे बाइकेंना सांगायचं कसं? सांगायचं म्हणजे तुम्ही चुकलात असं म्हणायचं. तिने ठरवलं, आधी खरा चोर पकडू, मग बोलू.

तिने निळ्यात नदीतले दगड भरले, भरपूर, आणि गावाबाहेरच्या टेकाडावर चढवला. काटा लालकडे सरकायला लागला तसा थांबवला, बॉनेट उघडलं, पंखा थांबू दिला आणि रेडिएटरवर तळहात ठेवला. गाय आजारी असली की तिच्या अंगावरून जसा हात फिरवतात, तसा. वर चटका बसला. थोडं खाली आली, गरम. आणखी खाली, मधोमध, कोमट. आणि तळाशी गार. खाली जाणाऱ्या रबरी पाइपला हात लावला, तोही गार.

अनीपा तिथेच बंपरवर बसली आणि मोठ्याने हसली. वर उकळतंय आणि खाली गार आहे, म्हणजे गरम पाणी खाली पोचतच नाही. रेडिएटर आतून तुंबला होता. गाडीला ताप नव्हता, बद्धकोष्ठ होतं.

पण तुंबला कशाने? नदीच्या पाण्याचा क्षार धरतो, पण तो वर्षानुवर्षं धरतो. आणि गेल्या शरदात तर निळा खिंडीवरून शीळ घालत गेला होता. तिने खालचा नळ सोडला. पाणी करंगळीएवढं आलं आणि थांबलं. तार घातली, ढवळली, तेव्हा आतून पळीभर तपकिरी लगदा हातावर पडला. तिने तो बोटांत चोळला, मग नाकाशी नेला. जन्मभर भाजत आलेल्या वस्तूचा वास बाईला ओळखू येणार नाही?

सातूचं पीठ होतं ते. भाजलेल्या सातूचं, आपलं रोजचं ताल्कान.

आता तिला सगळं आठवलं. गेल्या शरदात एकदाच, तिला घरी ठेवून, गवत आणायला निळा ओस्मोनाली स्वतः चालवत घेऊन गेला होता. तेव्हा रेडिएटरचा एक कोपरा ठिबकत असे. परत आला तेव्हा गळती बंद. ओस्मोनाली चार दिवस मिशीला पीळ देत हिंडला होता, माझा हात लागला की लोखंडसुद्धा ऐकतं म्हणून. शहरातले ड्रायव्हर गळक्या रेडिएटरमध्ये मोहरीची पूड टाकतात. ती फुगते आणि भोक बुजवते. बाइकेंकडे मोहरी कुठली असणार? पण कमरेला सातूच्या पिठाची पिशवी होती, ती कायमच असते. हा गडी ती झोपतानाही सोडत नाही. मोहरी चिमूटभर टाकतात. सातू त्याने, आपल्या घरचं म्हणून, मोकळ्या हाताने टाकला असणार. भोक बुजलं. मग थंडी आली, पाणी काढून ठेवलं आणि जे आत उरलं ते हिवाळाभर नळ्यानळ्यांत वाळून दगड झालं.

चोर सापडला होता, पण त्याचं नाव घ्यायला तिचं तोंड बांधलेलं होतं.

तिने रेडिएटर काढून अंगणात आणला, उलटा ठेवला आणि खालून गरम पाणी सोडलं. ढिम्म. धुण्याचा सोडा घातला. थोडा फेस आला, थोडी घाण आली, पण मधल्या नळ्या काही बोलेनात. तारेने टोचायच्या म्हटलं तर त्या इतक्या पातळ, की फुटल्या तर भंगारवाल्याचं काम सोपं व्हायचं. बाजाराचा दिवस तर उद्या-परवावर आला होता. जाऊबाई कालीचा, म्हणजे ओस्मोनालीची बायको, जिला अनीपा 'एजे' म्हणजे ताई म्हणे, कुंपणावरून हे बघत होती. तिने सुनेच्या माहेरच्या लग्नासाठी बोझो, म्हणजे धान्याचं आंबवलेलं पेय, लावला होता आणि त्याची पेज जरा घट्ट झाली म्हणून कुरकुरत होती.

अनीपा म्हणाली, "मग मोडाचं पीठ घाल की, एजे. होईल पातळ."

आणि बोलता बोलता तिचं तोंड उघडंच राहिलं.

बोझो काय असतो? शिजवलेल्या धान्याची पेज. चमचा उभा राहील इतकी घट्ट. त्यात मोड आणून वाळवलेल्या गव्हाचं पीठ घालून उबेत ठेवली की बघता बघता पाण्यासारखी होते. हे कोणत्याही पोरीला माहीत. आणि निळ्याच्या पोटात दुसरं काय होतं? पेजच होती.

"एजे," ती म्हणाली, "तुझं मोडाचं पीठ किती आहे?"

"कशाला?"

"ट्रकला बोझो लावायचाय."

कालीचाला वाटलं, गाडी जाणार म्हणून बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण पीठ तिने दिलं. वेड्या माणसाशी वाद घालू नये असा तिचा स्वभाव होता, म्हणून तर ओस्मोनालीबरोबर संसार झाला.

अनीपाने पाणी तापवलं, हात बुडवून जेमतेम सोसेल इतकंच. उकळतं घातलं की मोड मरतो. त्यात पीठ कालवून गाळून घेतलं, रेडिएटरमध्ये काठोकाठ भरलं, वरची खालची भोकं चिंध्यांनी बंद केली आणि तान्ह्या बाळासारखा रजयांत गुंडाळून चुलीजवळ निजवला. जोल्दोशने विचारलं, रात्री आपण काय पांघरायचं? ती म्हणाली, एकमेकांना.

सकाळी अंगणात चार शेजारी आधीच जमले होते, कारण कालीचाच्या पोटात काही राहत नाही. ओस्मोनालीही आला, घोड्यावरूनच. अनीपाने रजया सोडल्या, चिंध्या काढल्या आणि रेडिएटर आडवा केला. आधी काही नाही. मग गुडगुड झाली. मग भसकन तपकिरी ओघळ सुटला, पातळ, फेसाळ, आणि सगळ्या अंगणात असा वास सुटला की कुत्रं उठून बसलं. तिने उलट्या बाजूने पाणी सोडलं. आधी तपकिरी आलं, मग पिवळसर, मग नितळ, जसं वर टाकलं तसंच खालून धबाधबा. एका शेजाऱ्याने बोट बुडवून चाटलं आणि म्हणाला, जरा आंबट आहे, आणखी एक दिवस ठेवायला हवा होता. लोक पोट धरून हसले.

फक्त ओस्मोनाली हसला नाही. त्याने वास घेतला होता. त्याचा हात आपोआप कमरेच्या पिशवीकडे गेला आणि मध्येच थांबला. अनीपाने ते पाहिलं. पाहिलं आणि रुमाल सारखा करत खाली बघितलं.

एक शेजारी म्हणाला, पण रेडिएटरमध्ये सातू घालणारा गाढव कोण?

सगळे अनीपाकडे बघायला लागले. ती आवाज न चढवता म्हणाली, "ज्याने घातला त्याने त्या दिवशी गवतासकट ट्रक घरी आणला. नाहीतर नदीकाठी पहिल्याच बर्फात गाडला गेला असता. जरा सढळ हाताचा माणूस आहे, एवढंच."

ओस्मोनाली घोड्यावरून उतरला. त्याने कोट काढून कुंपणावर टाकला, बाह्या वर सारल्या आणि रेडिएटरचं एक टोक धरलं. "धर, केलिन," तो म्हणाला. "तुला एकटीला बसवायला जड जाईल." गळका कोपरा त्याने स्वतः कथलाचा डाग देऊन बंद केला, आणि या खेपेला नीट केला.

तरी त्याचा हेका पुरता गेला नव्हता. अंगणात सगळेच शूर असतात, क्यझील-बेल काय म्हणतो ते बघू, असं त्याने जाहीर केलं. चढला तर ठेवू. वाफ काढली तर पुढच्या बाजाराला भंगारवाला आहेच. आणि हे बघायला तो स्वतः केबिनमध्ये शेजारी बसणार होता.

निघायच्या दिवशी अनीपाने निळ्यात दोन्ही घरांचे नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तंबू भरले, काठ्या, चुली, पिठाची पोती, कोंबड्यांचा खुराडा, आणि सगळ्याच्या वर कालीचा, गाठोड्यांच्या राशीत राणीसारखी. कमी भरलं असतं तर कोणी काही म्हणालं नसतं. पण पुढे कधी बाइकेंना म्हणायला जागा राहिली असती, आणि तिला ती ठेवायची नव्हती.

चढ लागला. ओस्मोनाली काट्याकडे असा बघत होता जसा मांजर बिळाकडे बघतं. काटा हलला, वर आला, मधोमध आला. अनीपाने नजर रस्त्यावरच ठेवली. नवरीच्या सामानाला पहिल्यांदा वाफ आली ते वळण आलं. काटा तिथेच. दुसरं वळण. तिथेच. ओस्मोनालीने एकदा काचेवर टिचकी मारून पाहिली, अडकलाबिडकला तर नाही ना म्हणून.

"जिवंत आहे, बाइके," ती म्हणाली.

वर झऱ्यापाशी नेहमीसारखी जत्रा होती. त्या उन्हाळ्यातले सगळे जुने ट्रक तिथे बॉनेट उघडून चहाच्या समोवारसारखे फुसफुसत उभे होते, आणि त्यांचे मालक बादल्या घेऊन रांगेत. ओस्मोनालीने ज्याचा ट्रक सांगून ठेवला होता तोही त्यांत होता, हात पुसत. त्याने निळा येताना पाहिला आणि जागा करून देण्यासाठी बाजूला सरला. येणार, थांबणार, हे त्याला माहीतच होतं.

निळा थांबला नाही. अनीपाने गिअर बदलला आणि हॉर्नवर हात ठेवला तो झरा मागे पडेपर्यंत उचललाच नाही. वरून कालीचाने रुमाल काढून फडकावला आणि बादलीवाल्यांना विचारलं की पाणी गोड आहे का. बादल्या हातात तशाच राहिल्या.

खिंडीच्या माथ्यावर वारा लागला. ओस्मोनाली घसा खाकरून म्हणाला की आता जरा थांबव, फार चढलाय, विसावा दे त्याला.

"त्याला नकोय, बाइके," अनीपा म्हणाली. "तुम्हाला हवा असेल तर थांबते."

ओस्मोनालीने तिच्याकडे पाहिलं. मिशीखाली काहीतरी हललं. "नको," तो म्हणाला, "चल."

त्या वर्षी कुरणावर सगळ्यात आधी त्यांचा धूर निघाला. जे आधी पोचतात त्यांनी मागून येणाऱ्यांना जेवू घालायचं ही तिथली रीत, म्हणून दुपारपासून अनीपा चुलीपाशी कणीक मळत होती आणि एकेक ट्रक धापा टाकत येत होता. प्रत्येकाला ओस्मोनाली स्वतः सामोरा जाई, कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा पुढे करी आणि सांगे की आमच्या निळ्यात मी सातू घातला होता, मूठभर नाही, पिशवीभर, आणि आमच्या केलिनने तो पुन्हा पातळ करून बाहेर काढला. तुमचा तापत असेल तर तिला दाखवा. सांगताना त्याची छाती अशी फुगे, की जणू त्याने मुद्दाम सुनेची परीक्षा घ्यायलाच तो घातला होता. संध्याकाळपर्यंत अनीपाच्या दारात तिचे कणकेचे हात मोकळे व्हायची वाट बघत तीन ड्रायव्हर उभे होते. त्यांतला एक तोच, सांगून ठेवलेला.

भंगारवाला पुढच्या बाजाराच्या दिवशी आला, तेव्हा ओस्मोनाली कुरणावरून मुद्दाम खाली उतरला. त्याने त्याला जुनं, दात पडलेलं गवताचं दंताळं दिलं आणि म्हणाला, घरात लोखंड एवढंच आहे.